पन्हा बापाचा, लांबी पोरांची: वेबपानाचे डबे रचतात कसे, वाढतात कसे

गेल्या डिसेंबरात मामाच्या दुकानाची वेबसाइट केली. सोलापूरच्या चाटी गल्लीत चादरी-टॉवेलांचं दुकान. गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या जत्रेच्या, आत साइट चालू झालीच पाहिजे, हा त्याचा हट्ट. संक्रांतीला बाहेरगावची माणसं येतात, सिद्धेश्वराचं दर्शन घेतात, जाताना चादर घेतात; पिशवीवर साइटचा पत्ता छापला की पुढच्या खेपेला घरबसल्या मागवतील, असा हिशोब. मी लॅपटॉपवर पान दाखवलं, मामा खूश. मग त्यानं खिशातून स्वतःचा फोन काढला, पान उघडलं, आणि अंगठ्यानं वर-खाली करत म्हणाला, "किंमत डब्याच्या बाहेर का पडली बे?"

पडली होती खरी. प्रत्येक चादरीचा एक डबा: वर फोटो, खाली नाव, वर्णन, किंमत. डब्याची उंची मी ३२० पिक्सेल ठरवून टाकली होती, कारण बनवताना वर्णनाच्या जागी मी 'सुती चादर' एवढे दोनच शब्द टाकले होते. मामानं खरा मजकूर दिला तो असा: 'शुद्ध सुती, जकार्डवर विणलेली, दोन्ही बाजूंनी वापरता येणारी मयूरपंखी नक्षीची डबलबेड चादर.' लॅपटॉपवर त्याच्या दोन ओळी झाल्या, फोनवर पाच. डबा ३२० वरच अडून बसला, आणि किंमत खालच्या चादरीच्या फोटोवर जाऊन पडली.

चूक माझीच. आणि ही चूक सीएसएस, म्हणजे वेबपानाचं रूप आणि मांडणी सांगणारी भाषा, शिकणारा जवळपास प्रत्येकजण करतो, कारण कागदावर चौकोन काढताना आपण लांबी-रुंदी दोन्ही एकदम ठरवतो. वेबपान तसं चालत नाही. ते चालतं विणकराच्या मागासारखं.

मागावर कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, आधी ठरतो. फणी जेवढी, ताणा जेवढा, तेवढाच पन्हा. धोटा इकडून तिकडे जातो, बाण्याचा एकेक धागा बसतो, आणि कापड लांब होत जातं. किती लांब? विणाल तितकं. ताणा पुरेल तोवर लांबी वाढत राहते, पण विणता विणता कोणाला पन्हा वाढवता येत नाही. वेबपानाचा मूळ स्वभाव हाच आहे. प्रत्येक डब्याची रुंदी वरून येते: स्क्रीनकडून पानाला, पानाकडून विभागाला, विभागाकडून परिच्छेदाला. उंची मात्र खालून येते: ओळींनी परिच्छेद उंच होतो, परिच्छेदांनी विभाग, विभागांनी पान. पन्हा बापाचा, लांबी पोरांची. बाप म्हणजे बाहेरचा डबा, पोरं म्हणजे त्याच्या आतले डबे. सीएसएसच्या मांडणीतल्या निम्म्या भानगडी या एका वाक्यात सुटतात. उरलेल्या निम्म्या, कोणीतरी हा नियम मोडलेला असतो म्हणून होतात.

एक सूचना आधीच देतो. या लेखात सीएसएसचे शब्द देवनागरीत लिहिले आहेत, 'डिस्प्ले', 'फ्लेक्स', 'मिन-हाइट' असे. फाइलीत ते रोमन लिपीतच टाइप करायचे. ब्राउझरला अजून मराठी येत नाही.

काही न सांगता काय होतं

समजा तुम्ही एकही सीएसएसची ओळ लिहिली नाही. पानावर एक शीर्षक, दोन परिच्छेद, एक फोटो, शेवटी पत्ता. ब्राउझर हे सगळं एकाखाली एक लावतो. प्रत्येक ठोकळा, म्हणजे 'ब्लॉक' जातीचा डबा, बापाची सगळी रुंदी घेतो आणि स्वतःच्या मजकुराइतका उंच होतो. दुकानातल्या घडी घातलेल्या चादरींची थप्पी असते ना, तशी. मधल्या चादरीची घडी जाड असली तर वरच्या चादरी आपोआप उचलल्या जातात, कोणाला सांगावं लागत नाही. याला 'नॉर्मल फ्लो' म्हणतात, आणि माझ्या मते तो सीएसएसचा सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात कामाचा भाग आहे. विभाग एकाखाली एक लागावेत आणि मजकुराप्रमाणे वाढावेत, एवढंच हवं असेल तर काही करायचंच नसतं. केलेलं काढायचं असतं.

म्हणून मामाच्या डब्यावरचा पहिला इलाज एका ओळीचा होता: 'हाइट ३२०' खोडून टाकली. डबा वाढला, किंमत आत आली. डबा फार बुटका दिसू नये असं वाटत असेल तर 'हाइट'च्या जागी 'मिन-हाइट' लिहायचं. त्याचा अर्थ 'निदान एवढा तरी', आणि त्याच्यावर मजकूर नेईल तितका. 'हाइट' म्हणजे शिवून आणलेला सदरा, 'मिन-हाइट' म्हणजे नाडीची विजार.

मराठी मजकुराला हे जास्तच लागू पडतं. रोमन अक्षरं बरीचशी एका पट्टीत बसतात. आपल्याला वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार आणि जोडाक्षरांची शेपटं. बटणाची उंची ३० पिक्सेल बांधून त्यात 'पूर्ण वर्णन' लिहिलं आणि वर 'ओव्हरफ्लो: हिडन' (बाहेर येईल ते लपव) लावलं, तर वरचे रफार किंवा खालचे ऊकार छाटले जाण्याची चांगलीच शक्यता. उंची बांधू नका. वर-खाली 'पॅडिंग', म्हणजे डब्याच्या आतली मोकळी जागा, द्या आणि 'लाइन-हाइट' १.६ किंवा १.७ ठेवा, तेही एककाशिवाय, नुसता आकडा. एकक दिलं तर तेच माप आतल्या मोठ्या अक्षरांनाही लागतं आणि शीर्षकाच्या दोन ओळी एकमेकींवर चढतात.

'अर्धी उंची' का मिळत नाही

नवशिक्याचा हमखास प्रश्न: रुंदी ५० टक्के दिली की निम्मी होते, उंची ५० टक्के दिली की काहीच का होत नाही?

वरचा नियम लावून बघा. पोर म्हणतं, माझी उंची बापाच्या निम्मी. बापाला विचारलं तू किती उंच, तर तो म्हणतो, पोरं सांगतील तेवढा. पोराला विचारलं तर ते परत बापाकडे बोट दाखवतं. सरकारी खात्यात हा प्रकार महिनोन्महिने चालतो. ब्राउझर एका क्षणात निकाल देतो: बापाची उंची ठरलेली नाही, तेव्हा पोराचे टक्के रद्द, उंची मजकुराइतकी. रुंदीला हा घोळ नाही, कारण रुंदी वरून ठरूनच येते.

रुंदीचा घोळ वेगळा आहे. स्क्रीन ३६० पिक्सेल, डब्याला 'विड्थ १०० टक्के' आणि दोन्ही बाजूंना २०-२० पिक्सेल पॅडिंग. सीएसएसच्या मूळ हिशोबात पॅडिंग रुंदीच्या बाहेर धरतात, म्हणून डबा झाला ४०० चा, आणि पान आडवं सरकायला लागलं. यावर 'बॉक्स-साइझिंग: बॉर्डर-बॉक्स' ही ओळ फाइलीच्या डोक्यावरच सगळ्यांना लावून टाकायची. मग पॅडिंग रुंदीच्या पोटात जातं. आणि ब्लॉक डब्याला 'विड्थ १०० टक्के' मुळात लिहायचंच कशाला? तो तसाही सगळी रुंदी घेतो.

दोन डब्यांमधल्या मोकळ्या जागेचीही एक गंमत आहे. वरच्याचं खालचं 'मार्जिन' २४, खालच्याचं वरचं १६. अंतर ४० होईल असं वाटतं, होतं २४. उभ्या दिशेला शेजारची मार्जिनं एकमेकांत मिसळतात आणि मोठं राहतं. परिच्छेदांसाठी हे बरंच आहे. पण फ्लेक्स किंवा ग्रिड (मांडणीच्या या दोन पद्धती पुढं येतात) यांच्या आत हे मिसळणं बंद होतं, आणि मग काल २४ दिसणारं अंतर आज ४० का झालं म्हणून माणूस चक्रावतो. त्या दोघांत 'गॅप' वापरावा, डोकं शांत राहतं.

रेशन कार्डावर नाव नसलेली पोरं

आता नियम मोडणारे. डबा मजकुराइतका वाढतो म्हटलं, तरी कधीकधी आत भरपूर माल असूनही तो सपाट पडलेला असतो. कारण बाप फक्त कार्डावर नाव असलेल्या पोरांना मोजतो.

'पोझिशन: ॲब्सोल्यूट' लावलं की त्या पोराचं नाव कार्डावरून जातं. ते घरातच राहतं, जेवतं, झोपतं, पण धान्याच्या हिशोबात नाही. बाप त्याच्यासाठी एक पिक्सेलही वाढत नाही. फोटोच्या कोपऱ्यात 'नवीन' असा छोटा बिल्ला चिकटवायला ॲब्सोल्यूट ठीक. अख्खा विभाग त्यानं ठेवायला गेलात, तर मामाच्या किमतीसारखी गत होते.

'फ्लोट' हे अर्धवट कार्डावरचं पोर. शेजारचा मजकूर त्याला ओळखतो, त्याच्या कडेनं वळून जातो. बाप मात्र मोजत नाही. दोन रकान्यांची पानं एके काळी फ्लोटवरच बांधली जात, आणि बाप सपाट पडू नये म्हणून नाना युक्त्या चालत. आता बापाला 'डिस्प्ले: फ्लो-रूट' दिलं की तो फ्लोट पोरांनाही मोजतो. तरी मांडणीसाठी फ्लोट नकोच. फोटोभोवती मजकूर वळवायला ठेवा, ते त्याचं मूळ काम.

युक्त्या कशासाठी चालत, तर भाषेत मांडणीची सोयच नव्हती म्हणून. होकोन विउम ली यांनी सीएसएसचा प्रस्ताव १९९४ मध्ये मांडला, पहिली अधिकृत आवृत्ती डिसेंबर १९९६ ची, पण तिचा भर अक्षरं, रंग, मोकळ्या जागा यांवर. रकाने पाडायला लोक तक्ते वापरत, तक्त्यात तक्ता, त्यात अजून तक्ता. फ्लेक्सबॉक्सचा पहिला मसुदा २००९ मध्ये आला आणि पुढं दोनदा त्याची भाषा बदलली. ग्रिड मार्च २०१७ मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिन्हींत एकाच महिन्यात पोचला. जुन्या माणसाला विचारून सीएसएस शिकत असाल तर हे लक्षात ठेवा. तो चुकीचं सांगत नाही, तो तक्त्यांच्या काळातलं सांगतो.

फ्लेक्स: उरलेली जागा कोणाची

बापाला 'डिस्प्ले: फ्लेक्स' दिलं की पोरं एका ओळीत उभी राहतात, आणि उंचीला सगळी सारखी ताणली जातात. शेजारच्या तीन चादरींपैकी एकीचं वर्णन लांब असलं तर बाकीच्या दोघींचे डबेही तेवढेच उंच होतात, फुकटात. 'फ्लेक्स-डिरेक्शन: कॉलम' दिलं की तीच पोरं एकाखाली एक.

फ्लेक्सचा खरा धंदा आहे उरलेली जागा वाटण्याचा. एक उदाहरण आकड्यांनी करू. बाप १,००० पिक्सेल रुंद, तीन पोरं, प्रत्येकाचा पाया, म्हणजे सुरुवातीची रुंदी, २०० चा. ६०० गेले, ४०० उरले. 'फ्लेक्स-ग्रो' अनुक्रमे १, १ आणि २ दिलं, तर ४०० चे चार वाटे: १००, १००, २००. पोरं झाली ३००, ३०० आणि ४००. म्हणजे तिसरं पोर दुप्पट रुंद झालं नाही. त्याला वाढीचा वाटा दुप्पट मिळाला. इथं बरेच जण फसतात. मूळ रुंदीच दुप्पट हवी असेल तर पाया शून्य धरायचा. 'फ्लेक्स: १' असं आखूडात लिहिलं की पाया आपोआप शून्य होतो, मग १, १, २ चे होतात २५०, २५०, ५००.

उभ्या दिशेला हीच वाटणी पानाच्या तळपट्टीचा जुना त्रास मिटवते. मामाचं 'संपर्क' पान बघा: पत्ता, फोन, वेळ, संपलं. मजकूर चार ओळींचा, म्हणून तळपट्टी पडद्याच्या मधोमध लोंबकळत होती आणि खाली पांढरं माळरान. पानाच्या मुख्य डब्याला 'मिन-हाइट' पडद्याइतकी दिली, फ्लेक्स कॉलम केला, आणि मधल्या विभागाला 'फ्लेक्स: १'. आता मजकूर थोडा असला तर मधला विभाग उरलेली जागा खातो, तळपट्टी तळाला जाते. मजकूर जास्त असला तर सगळं नेहमीसारखं वाढतं. 'हाइट' नाही, 'मिन-हाइट', हे पुन्हा सांगतो.

पडद्याइतकी उंची म्हणून लोक १०० व्हीएच लिहितात. फोनवर पत्त्याची पट्टी कधी दिसते, कधी लपते, आणि १०० व्हीएच बहुतेक फोनांवर पट्टी लपलेली धरून मोजलं जातं. म्हणून पट्टी दिसत असताना पान थोडं जास्तच उंच भरतं. त्यासाठी 'डीव्हीएच' हे एकक आलं, ते पट्टीप्रमाणे बदलतं. २०२२ अखेरपासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आहे, बिनधास्त वापरा.

आणि ती पडलेली किंमत? डबे सारखे उंच झाले, पण आखूड वर्णनाच्या डब्यात किंमत वरच अडकली आणि लांबच्या डब्यात खाली गेली. रांगेत किमती वर-खाली दिसायला लागल्या. मामाला ते खपेना. दुकानात सगळ्या चिठ्ठ्या एका रेषेत लावणारा माणूस तो. डबाच फ्लेक्स कॉलम केला आणि किमतीला 'मार्जिन-टॉप: ऑटो' दिलं. फ्लेक्समध्ये 'ऑटो' मार्जिन म्हणजे 'उरलेली जागा सगळी मला'. वर्णन आणि किंमत यांच्यामधली मोकळी जागा त्यानं गिळली आणि किंमत तळाला बसली. सगळ्या डब्यांत एका रेषेत. एवढ्या छोट्या ओळीनं एवढं मोठं समाधान मला क्वचित मिळालं आहे.

ग्रिड: रकाने किती, ते पडद्यानं ठरवावं

चादरींची जाळी मांडायला मी ग्रिड घेतलं. फोनवर एक रकाना, टॅबवर तीन, मोठ्या पडद्यावर पाच. यासाठी बरेच जण प्रत्येक पडद्याचा वेगळा नियम लिहितात. गरज नाही. एक ओळ पुरते: 'ग्रिड-टेम्प्लेट-कॉलम्स: रिपीट(ऑटो-फिट, मिनमॅक्स(२२०पीएक्स, १एफआर))'. मराठीत सांगायचं तर: प्रत्येक रकाना निदान २२० चा, असे मावतील तितके बसव, आणि उरलेलं सगळ्यांत सारखं वाट.

गॅप १६ धरून हिशोब करू. फोन ३६० चा, कडेला १६-१६ सोडले, राहिले ३२८. दोन रकान्यांना २२० अधिक १६ अधिक २२०, म्हणजे ४५६ लागतात. मावत नाहीत, तेव्हा एकच रकाना, पूर्ण ३२८ चा. टॅब ७६८ चा, आत ७३६: तिघांना ६९२ लागतात, मावतात, प्रत्येकी साधारण २३५. पानाची रुंदी १,२०० असली तर पाच रकाने, प्रत्येकी २२७. एकही जास्तीचा नियम न लिहिता. फोनवर एकाखाली एक रचणं आणि पडदा मोठा झाला की पसरणं, दोन्ही एकाच ओळीत.

'ऑटो-फिट'चा एक जुळा भाऊ आहे, 'ऑटो-फिल'. माल भरपूर असला की दोघांत फरक दिसत नाही. पण 'रजई' विभागात मामाकडे दोनच नग होते. ऑटो-फिटनं रिकामे रकाने मिटवले आणि दोन डबे ५९२-५९२ चे फुगले, रजईचा फोटो भिंतीएवढा. ऑटो-फिल केलं, तर रिकाम्या रकान्यांची जागा राखून डबे २२७ चेच राहिले. मला दुसरं बरं वाटलं.

हे सगळं फोनवर चालायला पानाच्या डोक्यात 'व्ह्यूपोर्ट'ची मेटा ओळ असावीच लागते. ती नसली तर फोन समजतो, हे पान जुन्या मोठ्या पडद्यासाठी आहे. बहुधा ९८० पिक्सेल रुंदी गृहीत धरून मांडतो आणि सगळं आक्रसून दाखवतो. अक्षरं मुंगीएवढी दिसली की आधी ती ओळ शोधा.

फोटो डावीकडे आणि माहिती उजवीकडे असा मोठा विभाग असेल, तर तिथं मीडिया क्वेरी, म्हणजे ठरावीक रुंदीच्या पडद्यालाच लागणारा नियम, लागते. पण उलट्या बाजूनं सुरुवात करू नका. आधी फोनचं लिहा, म्हणजे काहीच न सांगता एकाखाली एक. मग 'मिन-विड्थ ७०० च्या वर' दोन रकाने करा. एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाचा मजकूर असतो त्या फाइलीत, क्रम मात्र वाचायचा तोच ठेवा. 'ऑर्डर' वापरून डबे डोळ्यांसाठी इकडचे तिकडे करता येतात, पण पान वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर आणि कीबोर्डवरची टॅब कळ साधारणपणे मूळ क्रमानंच जातात.

उघडमीट

पानाच्या शेवटी मामाला नेहमीचे प्रश्न हवे होते: रंग जातो का, पहिली धुलाई कशी, परत घेता का. प्रश्नावर बोट लावलं की उत्तर उघडावं, खालचे विभाग खाली सरकावेत. यासाठी जावास्क्रिप्ट लिहिणारे पाहिले की मला वाईट वाटतं. एचटीएमएलमध्ये 'डिटेल्स' आणि 'समरी' अशी जोडी आहे, तीच करते. उत्तर उघडलं की डबा वाढतो, आणि नॉर्मल फ्लो असल्यामुळे खालचं सगळं आपसूक सरकतं.

सावकाश उघडायचं म्हटलं की मात्र गाठ पडते. शून्यापासून 'ऑटो' उंचीपर्यंत हळूहळू जा, असं ब्राउझरला सांगता येत नसे, कारण 'ऑटो' हा आकडा नाही. लोक 'मॅक्स-हाइट' शून्यावरून १,००० वर नेतात. उत्तर ८० पिक्सेलांचं असलं तर ते झटक्यात उघडतं, आणि मिटताना आधी थोडा वेळ काहीच होत नाही. नुसत्या डब्याची उघडझाप असेल तर ग्रिडची युक्ती बरी: एकच ओळ, तिची उंची '०एफआर'वरून '१एफआर'कडे न्यायची, आतल्या पोराला 'ओव्हरफ्लो: हिडन'. क्रोममध्ये २०२४ पासून 'इंटरपोलेट-साइझ' आलं आहे, त्यानं 'ऑटो'पर्यंतही जाता येतं. ज्या ब्राउझरांना ते कळत नाही, ते त्याकडे दुर्लक्ष करतात आणि झटक्यात उघडतात. मामाच्या गिऱ्हाइकांपैकी एकानंही तक्रार केलेली नाही.

कुठला डबा कुठं संपतो हे कळेनासं झालं, तर सगळ्यांना 'आउटलाइन: १पीएक्स सॉलिड रेड' लावून बघा. 'बॉर्डर' नको, ती स्वतः जागा खाते आणि तपासायला गेलेलीच मांडणी हलते. लाल रेषांत एक डबा सपाट दिसला की समजा, आत कार्डावर नसलेलं पोर आहे.

गड्ड्याच्या आठवडाभर आधी साइट चालू झाली. मग मामाच्या डोक्यात आलं की निम्मं गिऱ्हाईक घरात तेलुगू बोलतं, तर वर्णन तेलुगूतही पाहिजे. शेजारच्या कारखानदाराच्या मुलीनं लिहून दिलं, मी मराठीच्या खाली चिकटवलं. लिपी वेगळी, ओळी जास्त. डबे वाढले, किमती तळाला एका रेषेत राहिल्या, मी एक ओळही बदलली नाही. खुर्चीत मागं रेलणार तोच मामा म्हणाला, "हे शेवटचं बघ की, आडवं पळतंय."

एका वर्णनात त्यानं व्हॉट्सॲपची लांबलचक लिंक टाकली होती, मध्ये एकही मोकळी जागा नाही. तिला मोडायला कुठंच जागा नव्हती, म्हणून ती रकान्याच्या बाहेर पडून पान आडवं ताणत होती. उंची पोरांची, हे ठीक. इथं पोरगं पन्हाही मागत होतं. मजकुराला 'ओव्हरफ्लो-रॅप: एनीव्हेअर' दिलं. लिंक तीन तुकड्यांत मोडून डब्यात बसली. मामानं फोन आडवा धरून बघितला, उभा धरून बघितला, आणि म्हणाला, "आता कन्नडमध्ये पण टाक."